यमक कुठे जुळतं आणि कुठे मुद्दाम तुटतं: कविता उलगडून वाचण्याची रीत

‘कवितेचा अर्थ लिहा’ म्हटलं की शाळेपासून आपण एकच काम करतो: ओळींचं गद्य करतो. गद्य करताना यमक गळतं, चरण मोडतात आणि त्यांच्याबरोबर अर्थाचाही एक भाग जातो. गद्यात न उतरणारा हा भाग हाताने कसा शोधायचा, त्याची ही रीत आहे. वृत्तांची नावं पाठ नसली तरी अडत नाही.

तयारी थोडीशीच. चार ते सोळा ओळींची एक कविता घ्या आणि वहीत एक ओळ सोडून हाताने उतरवा. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या मजकुरावर काम करू नका. त्यात दंड (। आणि ॥ या उभ्या रेघा) गायब असतात, चरण भलत्याच जागी तुटलेले असतात आणि एखादा शब्द कुणीतरी ‘सुधारलेला’ असतो. छापील प्रत समोर ठेवा. सुरुवात अभंगापासून किंवा अष्टाक्षरीपासून (आठ-आठ अक्षरांच्या रचनेपासून) करा. मुक्तछंदाकडे शेवटी वळा, कारण तिथल्या खुणा कानाला उशिरा कळतात.

पायरी १: अक्षरं मोजा

स्वर असलेलं प्रत्येक अक्षर एक. जोडाक्षर कितीही जड असलं तरी एकच: ‘ध्यान’ दोन अक्षरी, ‘स्वसंवेद्या’ चार अक्षरी. शब्दाच्या शेवटचा अ बोलताना आपण गिळतो, मोजताना गिळायचा नाही. ‘वाट’ म्हणताना एकच ठोका वाटतो, पण छंदात ती वा-ट अशी दोन अक्षरं आहेत. नवख्यांचा हिशेब बहुतेक वेळा इथेच चुकतो.

तुकोबांचा सगळ्यांना पाठ असलेला अभंग घ्या:

सुंदर तें ध्यान उभे विटेवरी ।
कर कटावरी ठेवोनियां ॥

सुं-द-र-तें-ध्या-न सहा, उ-भे-वि-टे-व-री सहा, क-र-क-टा-व-री सहा, ठे-वो-नि-यां चार. ६-६-६-४ हा मोठ्या अभंगाचा साचा. धाकट्या अभंगात आठ-आठ अक्षरांचे दोन चरण असतात आणि त्यांचं यमक शेवटी जुळतं.

पुढच्याच कडव्यात ‘तुळसी हार गळां’ मोजलंत तर सात भरतील. घाबरू नका, छपाईही चुकलेली नाही. अभंग गाण्यासाठी असतो आणि एखादं जास्तीचं अक्षर चालीत सामावून जातं. एका अक्षराचा फरक सोडून द्या. तीन-चार अक्षरांचा फरक पडला तर मात्र तुम्ही चरण चुकीच्या जागी तोडला आहे, पुन्हा मोजा.

पायरी २: यमकाला खूण करा

शेवटचं व्यंजन जुळलं म्हणजे यमक झालं, असं नाही. त्याच्या आधीचा स्वरही जुळायला हवा. ताट-वाट हे पक्कं यमक, ताट-पोट हे कच्चं. पक्क्या यमकाखाली सरळ रेघ मारा, कच्च्याखाली तुटक. मग ओळींच्या कडेला क, ख, ग लिहीत जा: एकाच यमकाला एकच अक्षर.

आता वरच्या अभंगात यमक कुठे आहे ते पाहा. ‘विटेवरी’ आणि ‘कटावरी’, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाच्या शेवटी. ओळीचा शेवट, ‘ठेवोनियां’, बिनयमकाचा आहे. मोठ्या अभंगाची ही खास चाल नीट ध्यानात ठेवा, कारण नवखा वाचक यमक ओळीच्या टोकाला शोधतो आणि ‘इथे यमकच नाही’ म्हणून पुढे जातो. अभंगाचं यमक दंडाच्या अलीकडून पलीकडे जातं आणि दोन अर्धांना बांधून घेतं.

पायरी ३: यमकातले शब्द वेगळे काढून जोडीने वाचा

सगळ्या खटाटोपातली ही सर्वांत कामाची पायरी. समासात, म्हणजे पानाच्या कोऱ्या कडेला, फक्त यमकाचे शब्द लिहा आणि बाकी कविता हाताने झाका. त्याच अभंगाचं शेवटचं कडवं:

तुका म्हणे माझें हेंचि सर्व सुख ।
पाहीन श्रीमुख आवडीनें ॥

समासात उरतं: सुख, श्रीमुख. कडव्याचं म्हणणं या दोन शब्दांत आलं. पहिला अर्धा ‘सर्व सुख’ म्हणून थांबतो, दुसरा अर्धा ते सुख कशात आहे ते सांगतो, आणि दोघांना जोडणारा ‘म्हणजे’ हा शब्द कवितेत कुठेच नाही. त्याचं काम यमक करतं. कानाला ‘मुख’ ऐकू येतं तेव्हा त्यात ‘सुख’ आधीच वाजत असतं.

जोडी सापडली की एकच प्रश्न विचारायचा: या दोन शब्दांचं नातं काय? ‘जे का रंजले गांजले । त्यासि म्हणे जो आपुले’ यात ‘गांजले’ आणि ‘आपुले’ एका नादात बसवले आहेत. समाज ज्यांना दूर ठेवतो, त्यांना यमक जवळ आणतं. पुढच्या ओळीत ‘तोचि साधु ओळखावा । देव तेथेंचि जाणावा’. साधूला ओळखणं आणि देवाला जाणणं ही एकच क्रिया आहे, असा थेट दावा तुकोबा वाक्यात करत नाहीत. दोन क्रियापदं आठ-आठ अक्षरांच्या शेवटी समोरासमोर उभी करून तो करतात.

नातं विरोधाचंही असतं. मनाच्या श्लोकांतला दुसरा श्लोक:

मना सज्जना भक्तिपंथेंचि जावें ।
तरी श्रीहरी पाविजेतो स्वभावें ।
जनीं निंद्य तें सर्व सोडूनि द्यावें ।
जनीं वंद्य तें सर्व भावें करावें ॥

वृत्त भुजंगप्रयात, चरणात बारा अक्षरं, लघु-गुरु-गुरु असा ‘य’ गण चार वेळा. शेवटच्या दोन चरणांत ‘निंद्य’ आणि ‘वंद्य’ अगदी त्याच जागी, तिसऱ्या-चौथ्या अक्षरावर आले आहेत. ‘जनीं’ आणि ‘तें सर्व’ हा साचा जसाच्या तसा. एका आद्याक्षराने अर्थ उलटला, बाकी काही हललं नाही. म्हणून यमक फक्त चरणाच्या शेवटीच शोधू नका. सारखा साचा दिसला की मधल्या अक्षरांवरही पेन्सिल फिरवा.

आणि आता चरणांचे शेवट वाचा: जावें, स्वभावें, द्यावें, करावें. यात तीन आज्ञा आहेत आणि एक नाही. ‘स्वभावें’ म्हणजे आपोआप. नाद आज्ञेचा, अर्थ मात्र फळाचा. माणसाने करायचं ते तीन चरणांत सांगितलं. हरी भेटण्याची गोष्ट कुणाला करायचीच नाही, ती होते. व्याकरणाने वेगळा पडणारा शब्द यमकात सापडला की तिथे थांबून बघायचं. कवीने एरवी तो तिथे आणला नसता.

पायरी ४: यमक नसलेली जागा शोधा

जुळलेलं यमक सगळ्यांना दिसतं. न जुळलेलं दिसायला लागलं की वाचणं बदलतं. बहिणाबाई चौधरींची (१८८०–१९५१) ही ओळखीची ओवी:

अरे संसार संसार, जसा तावा चुल्ह्यावर
आधी हाताला चटके तव्हां मियते भाकर

आठ-आठ अक्षरांचे चार तुकडे करा आणि शेवट लिहा: संसार, चुल्ह्यावर, चटके, भाकर. खूण पडते क, क, ख, क. (‘संसार’ काटेकोरपणे कच्चंच यमक आहे, आर आणि अर, पण गळ्यातून म्हटलेल्या रचनेत कान ते चालवून घेतो.) जुळत नाही तो एकच शब्द: ‘चटके’. दोनदा यमक ऐकून कानाला सवय लागलेली असते, तिसऱ्या वेळी ते मिळत नाही, खटकतं, आणि चौथ्या वेळी ‘भाकर’ येते तेव्हा यमकही परत येतं. आधी चटके, मग भाकर, हे ओवी सांगते तसं घडवूनही दाखवते. ऐकणाऱ्याला यमकाची भाकरसुद्धा एक चटका सोसल्यावरच मिळते.

‘मन वढाय वढाय, उभ्या पिकातलं ढोर, किती हाकला हाकला, फिरी येतं पिकांवर’ यावर हेच करून पाहा. तिसरा तुकडा ‘हाकला’ला संपतो आणि यमकातून बाहेर जातो, ढोर हाकललं गेलं. चौथ्यात ‘फिरी येतं’ म्हणताच नादही फिरून येतो. शिवाय ‘वढाय वढाय’, ‘हाकला हाकला’ ही जोडशब्दांची उजळणी पहिल्या आणि तिसऱ्या तुकड्याच्या शेवटी अशी बसली आहे, की ओढ आणि हाकणं यांचा खेळ संपता संपत नाही.

इथे एक धोका आहे. प्रत्येक तुटलेल्या यमकात अर्थ शोधायचा मोह होतो. कसोटी अशी: तुटलेल्या जागी कवितेतलं काही महत्त्वाचं घडतंय का? घडत नसेल तर ती कवीची गैरसोय समजा आणि पुढे चला. अष्टाक्षरीत दुसऱ्या-चौथ्या तुकड्याचंच यमक जुळवण्याचा रिवाज आहे, तेव्हा तिसरा तुकडा मोकळा असणं एवढ्यानेच काही सिद्ध होत नाही. त्यात बसलेला शब्द काय करतो, ते पाहावं लागतं.

पायरी ५: आखूड चरण पाहा

ज्ञानेश्वरीची (शके १२१२, म्हणजे इ. स. १२९०) ओवी साडेतीन चरणांची. पहिले तीन चरण यमकाने बांधलेले, चौथा आखूड आणि बिनयमकाचा. अक्षरसंख्या अभंगासारखी ठरलेली नाही, त्यामुळे मोजून हैराण होऊ नका. यमक आणि लांबी एवढंच बघा.

जे खळांची व्यंकटी सांडो ।
तयां सत्कर्मीं रती वाढो ।
भूतां परस्परें पडो ।
मैत्र जीवांचें ॥

(काही प्रतींत ‘पडो’च्या जागी ‘जडो’ मिळतं.) सांडो, वाढो, पडो ही तीन मागणी-क्रियापदं एकाखाली एक येतात. ऐकणारा चौथ्या ‘डो’ची वाट पाहत असतो. तो येत नाही, येतं ‘मैत्र जीवांचें’, पाच अक्षरं, आणि त्यात क्रियापदच नाही.

या आखूड चरणाचं वजन तपासायचा उपाय म्हणजे तो बिघडवून पाहणं. ‘मैत्र जीवांचें सदा घडो’ असं म्हणून बघा. यमक जुळलं, लांबीही भरली, आणि मैत्र हे यादीतलं चौथं कलम होऊन बसलं. मूळ ओवीत ते यादीच्या बाहेर आहे: वाईटपणा जावा, चांगलं करायची ओढ वाढावी, ते सगळं कशासाठी? तर याच्यासाठी. पसायदानाच्या पहिल्या ओवीतही मागायची वस्तू, ‘पसायदान हें’, अशाच आखूड चरणात ठेवली आहे.

अभंगातल्या चार अक्षरी चरणालाही हीच नजर लावा. ‘ठेवोनियां’वर वाक्य थांबतं, पण पुढे काही करत नाही. विठोबा उभा आहे, हात कमरेवर ठेवून आहे, बस्स.

पायरी ६: उजळणी मोजा, आणि साच्यावर विश्वास ठेवू नका

नवख्यांना एक समज चिकटलेला असतो: अमुक वृत्त वीराचं, तमुक करुणाचं. तो खोडायला एकाच चालीच्या दोन कविता शेजारी ठेवाव्यात. इथे अक्षरं सोडा, मात्रा मोजा: ह्रस्वाची एक, दीर्घाची दोन, अनुस्वार असलेल्या ह्रस्वाच्याही दोन (‘उंदिर’मधला उं), जोडाक्षराआधीच्या ह्रस्वावर आघात येत असेल तर त्याच्याही दोन. (‘पडल्या’मधल्या ड वर आघात नाही, म्हणून एकच.)

केशवसुतांची ‘तुतारी’ (१८९३) सुरू होते ती ‘एक तुतारी द्या मज आणुनि’ अशी: सोळा मात्रा. मर्ढेकरांच्या ‘काही कविता’ (१९४७) मधली ओळ, ‘पिपांत मेले ओल्या उंदिर’: सोळा मात्रा. ठेका तोच, आठ-आठचा, टाळी देता येईल असा.

‘तुतारी’च्या पहिल्या कडव्यात ‘द्या’ ही मागणी पहिल्या आणि शेवटच्या ओळीत आहे, आणि मध्ये ‘स्वप्राणाने’, ‘गगने’, ‘किंकाळीने’ असे एकाच वळणाचे शेवट चढत जातात. मागणीच्या दोन भिंतींमध्ये आवाज कोंडून वाढवला आहे. मर्ढेकर तोच ठेका घेतात आणि लिहितात:

पिपांत मेले ओल्या उंदिर;
माना पडल्या, मुरगळल्याविण;
ओठांवरती ओठ मिळाले;
माना पडल्या, आसक्तीविण.

‘विण’वर ‘विण’ हे यमक नव्हे, तोच शब्द परत आला आहे. ‘माना पडल्या’ही परत आलं आहे. बदललं ते फक्त ‘मुरगळल्या’च्या जागी ‘आसक्ती’. मरणाची ओळ आणि जवळिकीची ओळ एकाच साच्यातून काढल्यासारखी. कानाला दोन्हींत फरकच लागत नाही. तो लागत नाही, हेच कवितेचं म्हणणं आहे. गद्यात अर्थ लिहिणारा ‘उंदीर मेले, ओठ मिळाले’ लिहील आणि हे हातचं निसटेल.

ध्रुपदालाही याच हिशेबाने वाचा. गाथेत ॥ध्रु.॥ अशी खूण असलेली ओळ प्रत्येक कडव्यानंतर परत म्हणायची असते. छापलेली एकदाच असते म्हणून वाचताना ती एकदाच वाचू नका. प्रत्येक कडव्यामागे ती म्हणा आणि आधीच्या कडव्याने तिचा अर्थ किती सरकवला, ते कडेला लिहा.

पायरी ७: शब्द बदलून बघा

तुमचं निरीक्षण खरं की ओढूनताणून आणलेलं, ते इथे कळतं. यमकाच्या जागी त्याच अर्थाचा, पण न जुळणारा शब्द घाला. ‘हेंचि सर्व सुख’ऐवजी ‘हाचि रे आनंद’: अक्षरं सहाच, अर्थही तोच, पण ‘श्रीमुख’ एकटं पडलं. ‘निंद्य-वंद्य’च्या जागी ‘वाईट-चांगलं’ घाला. उपदेश शिल्लक राहील, धार जाईल. बदल करूनही काहीच हललं नाही, तर ते यमक निव्वळ नादासाठी होतं. असंही पुष्कळ असतं आणि त्यात गैर काही नाही.

लिहिताना काय बिघडतं

वरची नजर स्वतःच्या ओळींवर लावली की दोष पटकन सापडतात. हे अष्टाक्षरीतलं कडवं मुद्दाम बिघडवून लिहिलं आहे:

दार उघडे ठेवून
आई बसली येऊन
वाट पाहते पाहून
डोळे गेलेत थकून

अक्षरं चोख आठ, यमक चारही ओळींत, आणि कडवं मेलेलं. ठेवून, येऊन, पाहून, थकून: यमक प्रत्ययाने जुळवलं आहे, शब्दांनी नाही. मराठीत ऊन, ला, ते, णार यांच्यावर हवी तेवढी यमकं मिळतात, म्हणून ती फुकटची. ‘पाहते पाहून’ ही भरताड आहे, अक्षरं पुरी करायला घातलेली. सदा, नित्य, जणू, हो, रे हेही नेहमीचे भरीचे शब्द. आणि चारही ओळी जुळल्यामुळे कानाला काही खटकत नाही, काही मिळतही नाही.

दुरुस्त करताना ओळींपासून सुरुवात करू नका. आधी कडव्याची दोन टोकं ठरवा. इथे ती वाट पाहणं आणि न आलेला माणूस अशी आहेत. ‘वाट’शी जुळणारे आठ-दहा शब्द एकाखाली एक लिहा: ताट, काठ, पाट, लाट, दाट, घाट, पहाट, खाट. (‘काठ’ लगेच खोडा, ट-ठ कच्चं आहे.) न आलेल्या माणसाबद्दल काही सांगणारा शब्द यातून निवडा. ‘लाट’ काही सांगत नाही, ‘पहाट’ भलतीकडे नेते, ‘ताट’ सांगतं. मग शेवटची ओळ पहिल्यांदा लिहा आणि वर चढत जा:

उघडेच आहे दार
दारी आई, दूर वाट
शेवटची एस्टी गेली
झाकलेले एक ताट

डोळे थकल्याचं सांगायची गरज उरली नाही. यमक दुसऱ्या आणि चौथ्या ओळीत, दोन्ही नामं. ‘गेली’ यमकाबाहेर राहिली, एस्टीसारखीच. ‘दार’ला लागून ‘दारी’ आल्यामुळे नजर उंबऱ्यावरच खिळते.

आणखी एक नेहमीची चूक: यमकासाठी वाक्याची मोडतोड. ‘गेलो मी घरी, होती आई बरी’ असं कुणी बोलत नाही. यमकाचा शब्द शेवटी आणायला क्रियापद दोनदा पुढे ढकलावं लागत असेल, तर शब्द बदला, वाक्य नको.

गझल, सुनीत, मुक्तछंद

गझलेत रदीफ आधीच जाहीर असतो. ‘सांगायचे राहिले’, ‘मागायचे राहिले’, ‘जागायचे राहिले’ यांत ‘राहिले’ हा रदीफ, त्याआधीचा बदलता शब्द काफिया. शेराची (गझलेतल्या दोन ओळींच्या कडव्याची) दुसरी ओळ कुठे संपणार ते ऐकणाऱ्याला ठाऊक असतं, म्हणून सगळी मजा तिथवर कसं पोचायचं यात असते. वाचताना प्रत्येक शेरातल्या रदीफाचा अर्थ वेगळा लिहून काढा. पाच शेरांत ‘राहिले’चा अर्थ एकच निघाला तर रदीफ वाया गेला. ही वाट धरायची असेल तर सुरेश भटांची ‘गझलेची बाराखडी’ हाताशी ठेवावी.

सुनीत, म्हणजे इंग्रजीतलं सॉनेट, मराठीत केशवसुतांनी आणलं. चौदा ओळी, पहिल्या आठांनंतर यमकांची मांडणी आणि विचार एकाच जागी वळतात का, एवढं तपासलं तरी बरंच हाती लागतं.

मुक्तछंदात यमक नाही, चरणाची लांबीही ठरलेली नाही, पण ओळ तोडण्याची जागा आहेच. कवी अनिलांसारख्यांनी मुक्तछंद रुजवला, तो लय ठेवून. कविता आधी सलग गद्यासारखी उतरवा, मूळ छापील पान बंद करा, आणि तुम्हाला वाटेल तिथे ओळी तोडा. मग मूळ उघडा. जिथे तुमची आणि कवीची तोड वेगळी पडली, त्या जागा मोठ्याने दोन्ही तऱ्हांनी वाचा. ओळीच्या शेवटी कुठला शब्द लटकतो आणि पुढच्या ओळीचा पहिला शब्द त्याला काय करतो, ते पाहा: पुरा करतो, खोटा पाडतो की नुसता लांबवतो.